निवृत्त विमानाचं ओव्हरहेड पॅनेल घरच्या सिम्युलेटरला जोडताना: नऊ मॉड्यूलांचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

या प्रकरणात तीन माणसं आहेत. सिम्युलेटर बांधणारा, त्याला इथे मालक म्हणतो. विमानांच्या विद्युत दुरुस्तीत उभी हयात घालवून निवृत्त झालेले एक गृहस्थ, ज्यांना आम्ही दोघेही काका म्हणतो. आणि मी, इलेक्ट्रॉनिक्सची बाजू माझ्याकडे होती. ओळख पटेल असं सगळं गाळलं आहे, तांत्रिक नोंदी मात्र कामाच्या वहीतून घेतल्या आहेत.

मालकाला बोइंग ७३७-३०० च्या ओव्हरहेड पॅनेलची, म्हणजे वैमानिकांच्या डोक्यावरच्या स्विच-दिव्यांच्या फळीची, नऊ मॉड्यूलं मिळाली. हे विमान १९८४ मध्ये पहिल्यांदा उडालं, आणि त्या पिढीतली बरीच विमानं आता मोडीत निघाली आहेत. त्यामुळे त्यांची पॅनेलं हौशी माणसांपर्यंत पोहोचतात. इंधन, हायड्रॉलिक, विद्युत, बर्फरोधक, वातानुकूलन अशी ही मॉड्यूलं. मागच्या बाजूला लष्करी पद्धतीचे गोल कनेक्टर. काहींना जोडीचा कनेक्टर आणि वीतभर कापलेल्या वायरी तशाच लोंबत होत्या, काहींना काहीच नव्हतं. वायरिंगचा नकाशा एकाचाही नव्हता.

मोजदाद केली तेव्हा ६२ स्विच-इनपुट आणि सुमारे ७० सूचक दिवे निघाले. शिवाय प्रत्येक मॉड्यूलच्या अॅक्रिलिक पट्टीत रुतवलेले बारीक बल्ब. अक्षरं उजळवणारी ही पार्श्वप्रकाशाची व्यवस्था ५ व्होल्टवर चालते, सूचक दिवे २८ व्होल्टवर. विमानात हे ५ व्होल्ट ४०० हर्ट्‌झच्या एसीतून येतात, पण फिलामेंटच्या बल्बाला एसी-डीसीचं सोयरसुतक नसतं. म्हणून घरी डीसी दिलं तरी चालतं.

खोक्यात आणखी एक जुनं गोल उपकरण आलं होतं, या विमानाचं नसलेलं. आकड्यांवर पिवळट रंग होता आणि तो अंधारात चमकत नव्हता. मालक ते उघडायला निघाला होता. काकांनी त्याला थांबवलं. जुन्या डायलांवर रेडियमचा रंग असू शकतो. चमक देणारं झिंक सल्फाइड काही दशकांत निकामी होतं, पण रेडियम-२२६ चं अर्धायुष्य सुमारे १६०० वर्षं असतं. चमक गेली म्हणजे किरणोत्सार गेला असं नाही, आणि खरा धोका उघडताना उडणाऱ्या धुळीचा. ते उपकरण न उघडता, पिशवीत बंद करून बाजूला ठेवलं. पुढच्या सगळ्या कामात इतका बिनतोड निर्णय आम्ही दुसरा घेतला नाही.

अडचण

वरवर पाहता काम सोपं वाटतं. स्विच म्हणजे दोन टोकं, दिवा म्हणजे दोन टोकं. पण विमानातलं मॉड्यूल हे सुट्या भागांचं खोकं नसतं. आत वायरी आधीच एकमेकींना जोडलेल्या असतात: दिव्यांचा सामाईक पुरवठा, दिवे तपासणीच्या सर्किटचे डायोड, एकाच स्विचवर दोन-तीन वेगळे संपर्क, आणि काही ठिकाणी धातूच्या सांगाड्यातून जाणारी परतीची वाट. बाहेरून दिसते ती फक्त पिनांची रांग.

दुसरी अडचण स्वभावाची. हे स्विच २८ व्होल्टवर काही अँपिअर वाहून नेण्यासाठी बनवलेले. आपण त्यांना मायक्रोकंट्रोलरचा ५ व्होल्ट आणि मिलिअँपिअरचा अंश देणार होतो. याचा त्रास आम्हाला पुढे झाला, आणि तो आधी कळायला हवा होता.

समोर असलेले पर्याय

पहिला पर्याय: मूळ वायरिंग उपसून टाकायची आणि प्रत्येक स्विचला, दिव्याला आपली नवी वायर लावायची. मालकाचा कल इकडे होता. त्याचं म्हणणं, जे मी जोडलं ते मला कळतं.

दुसरा: मूळ कनेक्टर तसाच ठेवून त्याच्या जोडीचा कनेक्टर मिळवायचा आणि बाहेरून जोडायचं. मॉड्यूलला हातच लागत नाही. पण जोडीचे कनेक्टर महाग, त्यांना नेमक्या मापाचे क्रिम्प (वायरवर दाबून बसवायचे) संपर्क लागतात आणि ते बसवायला-काढायला खास हत्यारं.

तिसरा मधला: आतली वायरिंग ठेवायची, फक्त मागचा गोल कनेक्टर काढून त्याच वायरी साध्या ३७ पिनांच्या डी-सब कनेक्टरवर आणायच्या.

काकांचं मत ठाम होतं. "कापायची घाई कशाला? आधी वायरींवरचे नंबर लिहून घे," ते मालकाला म्हणाले. बोइंगच्या वायरींवर छापलेल्या क्रमांकात जुडग्याचा क्रमांक, वायरचा क्रमांक आणि शेवटी गेज (तारेची जाडी; आकडा जितका लहान, तितकी तार जाड) असतो. एकाच जुडग्यातल्या वायरी कुठून कुठे जातात याचा माग त्यावरून काढता येतो. सगळ्या वायरी पांढऱ्या असल्या तरी त्या मुक्या नसतात.

पहिला निर्णय, आणि तो का चुकला

मालकाने तोवर एक मॉड्यूल उघडलं होतं. शनिवार-रविवार मोकळा होता, हात शिवशिवत होते. त्याने पहिला पर्याय निवडला आणि त्या मॉड्यूलची आतली सगळी वायरिंग कापून काढली. क्रमांक नोंदले नाहीत, फोटो दोनच काढले, तेही वरून. मी तिथे होतो आणि अडवलं नाही, कारण मलाही ते सरळ वाटलं होतं.

पुढच्या दोन दिवसांत कळलं की तीन-स्थितीच्या एका स्विचच्या मागे नऊ टोकं आहेत आणि त्यांतली कुठली विमानात वापरात होती हे सांगणारी वायर आता केराच्या डब्यात आहे. दोन दिव्यांच्या मागे छोटे डायोड होते, तेही गेले. प्रत्येक टोक मल्टिमीटरने शोधावं लागलं. नवी वायर सोल्डर करताना जुन्या स्विचांची टोकं तापली आणि एका स्विचचा आतला संपर्क कायमचा बिघडला.

उरलेल्या आठ मॉड्यूलांसाठी आम्ही धोरण बदललं: जोडीचा कनेक्टर मिळाला तिथे दुसरा पर्याय, नाही तिथे तिसरा. आतल्या वायरिंगला कात्री लावायची नाही.

नकाशा तयार करणं

हा भाग सगळ्यांत लांब चालला आणि सगळ्यांत जास्त उपयोगी पडला. दोघांनी बसायचं: एकाने पिनांवर मल्टिमीटरचे टोक धरायचे, दुसऱ्याने स्विच हलवून लिहायचं. बझर वाजला की नोंद. तीन स्थितींचा स्विच असेल तर दोन जोड्या शोधायच्या, कारण मधल्या स्थितीत बहुधा काहीच जोडलेलं नसतं.

यात एक चूक झाली ती मुद्दाम सांगतो. गोल कनेक्टरच्या पिनांना इंग्रजी अक्षरं असतात, आणि 'आय', 'ओ', 'क्यू' ही अक्षरं आकड्यांशी किंवा एकमेकांशी गोंधळ होऊ नये म्हणून गाळलेली असतात. बारीक अक्षरं दिसेनात म्हणून मालकाने पिना क्रमाने मोजल्या आणि 'एच' नंतर 'आय' लिहिलं. तिथून पुढचा अख्खा तक्ता एका घराने सरकला. दिवा लागायचा, पण भलताच. दोन संध्याकाळी गेल्यावर काकांनी भिंग घेऊन कनेक्टर पाहिला आणि म्हणाले, "अरे, 'एच' च्या पुढे थेट 'जे' आहे इथे."

दिव्यांच्या बाबतीत आणखी एक प्रश्न उभा राहिला. बहुतेक मॉड्यूलांत सूचक दिव्यांना सामाईक धन पुरवठा होता आणि प्रत्येक दिव्याची दुसरी बाजू वेगळ्या पिनेवर. अशा दिव्यांना खाली खेचणारा ड्रायव्हर लागतो. आमच्याकडे यूएलएन२८०३ होते, एका चिपमध्ये आठ वाहिन्या. दोन मॉड्यूलांत उलटं निघालं: सामाईक बाजू सांगाड्याला जोडलेली आणि पुरवठा प्रत्येक दिव्याला वेगळा. तिथे यूएलएन२८०३ काहीच करू शकत नाही. पर्याय दोनच: सांगाड्याची जोड तोडायची, किंवा वरून पुरवठा करणारा ड्रायव्हर वापरायचा. आम्ही टीबीडी६२७८३ वापरला आणि मॉड्यूल तसंच राहू दिलं. पहिल्या मॉड्यूलचा अनुभव ताजा नसता तर बहुधा तोडलंच असतं.

वीजपुरवठा

सूचक दिव्यांना २८ ऐवजी २४ व्होल्ट द्यायचं ठरलं. या बल्बांचा प्रकाश व्होल्टेजच्या साधारण साडेतीनाव्या घाताने आणि आयुष्य उलट बाजूने सुमारे बाराव्या घाताने बदलतं. म्हणजे २४ व्होल्टवर प्रकाश सुमारे साठ टक्के उरतो, पण आयुष्य हिशेबाने सहापट होतं. घरातल्या खोलीत तेवढा प्रकाश पुरून उरतो. शिवाय थंड फिलामेंट सुरू होताना नेहमीच्या दहापट प्रवाह ओढतं. कमी व्होल्टेजला तो झटकाही थोडा सौम्य होतो, ड्रायव्हर चिपला ते बरं.

५ व्होल्टच्या बाजूला मात्र आम्ही फसलो. प्रत्येक मॉड्यूलचा प्रवाह मोजला: कुठे ०.६ अँपिअर, कुठे १.४. नऊ मिळून ८.३ अँपिअर. व्होल्टेज छोटं म्हणून प्रवाहही छोटा असेल असं मनात कुठेतरी बसलेलं असतं, तिथेच घात होतो. मालकाने २० गेजची एक जोडी पुरवठ्यापासून पहिल्या मॉड्यूलपर्यंत नेली आणि तिथून साखळीने पुढे. २० गेजच्या एक मीटर तारेचा रोध सुमारे ०.०३३ ओम असतो. सव्वा मीटर जाणं, सव्वा मीटर येणं आणि ८ अँपिअर: अर्धा व्होल्टहून अधिक पहिल्याच टप्प्यात गळाला. शेवटच्या मॉड्यूलपाशी जेमतेम ४ व्होल्ट उरले आणि त्याची अक्षरं पूर्ण ५ व्होल्टवर उजळतात त्याच्या निम्मीही उजळत नव्हती.

त्यातच एकदा सांगाड्याखाली एक वायर चेमटली आणि शॉर्ट झाली. पुरवठा २० अँपिअरचा होता. त्याला तो शॉर्ट म्हणजे मोठा दिवा वाटला असावा, तो बंद पडला नाही. मधली साधी पीव्हीसीची जोडवायर वितळली. मूळ विमानी वायर शाबूत राहिली. फ्यूज एकही नव्हता. ही चूक माझी. पुरवठ्याचं संरक्षण पुरेल असं मीच म्हटलं होतं. मोठ्या पुरवठ्याचं संरक्षण पुरवठ्याला वाचवतं, बारीक वायरला नाही.

दुसऱ्या दिवशी सगळं सोडवून पुन्हा बांधलं. १४ गेजची जाड जोडी एका वितरणपट्टीपर्यंत, आणि तिथून प्रत्येक मॉड्यूलला स्वतंत्र जोडी, प्रत्येकीला २ अँपिअरचा फ्यूज. एकूण घट ०.२ व्होल्टच्या आसपास आली.

स्विच चुकू लागले

ही या प्रकरणातली मुख्य गाठ.

स्विच वाचण्यासाठी ७४एचसी१६५ च्या आठ चिपांची साखळी होती, आठ आठे चौसष्ट इनपुटं. दिव्यांसाठी ७४एचसी५९५ च्या नऊ चिपा. सगळं एका आर्डुइनो मेगा या मायक्रोकंट्रोलर बोर्डवर, आणि संगणकातल्या सिम्युलेटरशी बोलायला मोबीफ्लाइट हे सॉफ्टवेअर. पहिले काही दिवस नीट गेले. मग मालकाचा फोन आला: "स्विच कधी लागतो, कधी लागत नाही. आणि कधी न हात लावता दुसराच लागतो."

इथे आम्ही घाई केली. दोन्ही तक्रारी एकाच दुखण्याच्या समजून सॉफ्टवेअरमधली, स्विच मिटताना संपर्काची होणारी थरथर गाळण्याची वेळ वाढवत गेलो. आठवडा गेला, फरक शून्य.

मग काकांनी वही मागितली. "कधी, कुठला, आणि दिवे किती लावले होते, एवढं लिही चार दिवस." मालकाने लिहिलं. चार दिवसांच्या नोंदींत दोन वेगळी दुखणी स्पष्ट दिसली.

पहिलं: काही ठरावीक स्विच सकाळी लागत नव्हते, पाच-सहा वेळा खटखट केले की दिवसभर चालत. दिव्यांशी याचा संबंध नव्हता. हे स्विचांच्या चांदीच्या संपर्कांचं लक्षण. चांदीवर हवेतल्या गंधकामुळे पातळ थर चढतो. विमानात २८ व्होल्ट आणि चांगला प्रवाह तो थर भेदून जातो. आमचा पुल-अप (इनपुटला ५ व्होल्टकडे ओढून धरणारा रेझिस्टर) १० किलोओमचा, म्हणजे संपर्कातून जेमतेम अर्धा मिलिअँपिअर. तो थर भेदण्याची ताकद त्यात नव्हती.

दुसरं: न हात लावता लागणारा स्विच नेहमी कुठल्यातरी चालू स्विचचा शेजारी असायचा. पॅनेलवरचा शेजारी नव्हे, चिपांच्या साखळीतला शेजारी. आणि हे फक्त पार्श्वप्रकाशाचा डिमर मधल्या स्थितीत असताना घडायचं. पूर्ण उजेडात नाही, पूर्ण अंधारात नाही. तो तक्ता पाहताना मला जे वाटलं ते अजून आठवतं. उत्तर कागदावरच होतं. डिमर म्हणजे मेगाच्या पिनेवरून ४९० हर्ट्‌झने चालू-बंद होणारा मॉस्फेट, म्हणजे इलेक्ट्रॉनिक स्विच. मधल्या स्थितीत आठ अँपिअर सेकंदाला ४९० वेळा तुटत-जुळत होते, आणि चिपांच्या क्लॉकची (साखळीला एकेक ठोका देणाऱ्या सिग्नलची) वायर त्याच जुडग्यात, त्याच परतीच्या वाटेवर होती. एखादा झटका क्लॉकवर उमटला की साखळीला वाटायचं एक ठोका जास्त पडला, आणि सगळी इनपुटं एका घराने सरकायची. नकाशातल्या 'एच' आणि 'जे' च्या चुकीसारखीच ही सरकण होती, फक्त क्षणभराची.

उपाय

क्लॉक आणि डेटाच्या वायरी दिव्यांच्या जुडग्यातून बाहेर काढून पॅनेलच्या दुसऱ्या कडेने नेल्या. प्रत्येक वायरीला तिची स्वतःची ग्राउंड वायर पीळ घालून दिली. मेगाच्या टोकाला १०० ओमचे रेझिस्टर मालिकेत, प्रत्येक चिपच्या पुरवठ्यावर ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर. सगळ्यांत महत्त्वाचं, दिव्यांचा परतीचा प्रवाह आणि मेगाचं ग्राउंड वितरणपट्टीवरच्या एकाच बिंदूवर भेटतील, वाटेत कुठेही नाही, असं केलं. शेजारी स्विच लागणं त्याच दिवशी थांबलं. शेवटच्या मॉड्यूलमधल्या पोटेन्शिओमीटरचा आकडा दिवे लावले की उगाच हलत असे, तेही आपोआप बरं झालं.

चांदीच्या थरासाठी पुल-अप १० वरून २.२ किलोओमवर आणले. संपर्कातून सुमारे २.३ मिलिअँपिअर जाऊ लागले. ६२ स्विच एकदम बंद धरले तरी एकूण १४० मिलिअँपिअर, यूएसबीला झेपेल एवढे. प्रत्येक स्विचवर ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावला. स्विच मिटतो तेव्हा तो क्षणात रिकामा होतो आणि त्या छोट्या ठिणगीने संपर्क साफ राहायला मदत होते. बहुतेक स्विच सुधारले. पाच हट्टी निघाले. त्यांना १२ व्होल्ट आणि १० मिलिअँपिअरच्या आसपास प्रवाह देऊन ऑप्टोकपलरमधून (प्रकाशामार्फत सिग्नल पोहोचवणाऱ्या चिपेतून) वाचलं. तेव्हापासून ते चुकलेले नाहीत.

इंजिन सुरू करण्याच्या फिरत्या स्विचला स्थितीत धरून ठेवणारं सोलेनॉइड (विद्युतचुंबकाचं वेटोळं) होतं. ते सुटताना मेगा पुन्हा सुरू व्हायचा, कारण ड्रायव्हर चिपची सामाईक पिन २४ व्होल्टला जोडायची राहिली होती आणि आतले संरक्षक डायोड निरुपयोगी ठरत होते. एक वायर जोडली, प्रश्न मिटला.

निष्पत्ती

आठ मॉड्यूलं पूर्ण चालतात. क्रॉसफीडचा (दोन्ही बाजूंच्या इंधनवाहिन्या जोडणाऱ्या झडपेचा) झडप-दिवा विमानात झडप हलत असताना ठळक निळा आणि पूर्ण उघडल्यावर मंद निळा असतो. तो फरकही आता दिसतो, आणि मालकाला त्याचा आनंद कुठल्याही मोठ्या गोष्टीपेक्षा जास्त आहे. सुरुवातीला सिम्युलेटरमधल्या स्विचांची स्थिती आणि पॅनेलवरच्या खऱ्या स्विचांची स्थिती जुळत नसे. आता सुरू होताना सगळे स्विच एकदा वाचून तीच स्थिती सिम्युलेटरला पाठवली जाते. प्रत्येक मॉड्यूलच्या मागे 'उड्डाणास अयोग्य' अशी न पुसणारी खूण केली आहे, म्हणजे हे भाग कुणाच्याही हातून पुन्हा विमानाच्या साखळीत जाणार नाहीत. काकांचा हा आग्रह होता आणि आम्ही दोघांनीही तो मनापासून मानला.

आज पुन्हा करायचं झालं तर

पहिलं मॉड्यूल उघडण्याआधी त्याचे सगळ्या बाजूंनी फोटो आणि वायरींचे क्रमांक, हे तर झालंच. पण क्रमही बदलेन. आम्ही आधी स्विच जोडले आणि वीजपुरवठा शेवटी घाईत बांधला. आज मी आधी प्रत्येक मॉड्यूलचा प्रवाह मोजेन, वितरणपट्टी आणि फ्यूज उभे करेन, परतीच्या वाटा कागदावर काढेन, आणि मगच पहिला स्विच वाचायला घेईन. पुल-अपची किंमत स्विचचा संपर्क कशाचा आहे ते पाहून ठरवेन, हाताशी कुठले रेझिस्टर आहेत ते पाहून नाही.

पार्श्वप्रकाशाचे बल्ब एलईडीने बदलावेत का यावर आमच्यात अजून मतभेद आहे. एलईडीने ८ अँपिअरची कटकट मुळातच संपली असती, उष्णताही. पण बल्ब अॅक्रिलिकमध्ये रुतलेले आहेत, ते काढायचे तर पट्टी फोडावी लागते, आणि तो उबदार प्रकाश पुन्हा तसाच जमेल याची खात्री नाही. माझं मत बल्ब ठेवून पुरवठा ४.५ व्होल्टवर आणायचं आहे. प्रकाश तीस टक्के कमी होईल, आयुष्य साडेतीनपट वाढेल. मालक अजून पूर्ण ५ व्होल्टवर आहे.

पहिल्या मॉड्यूलचे दोन दिवे आजही लागत नाहीत, कारण त्यांचे डायोड नेमके कुठे होते हे आम्हाला कळलेलं नाही. तसलंच दुसरं मॉड्यूल, न कापलेलं, हाती आलं तर त्याच्यावरून नकाशा उतरवायचा असं ठरलं आहे, आणि त्यासाठी वहीत एक पान कोरं ठेवलं आहे.